दुसऱ्या मजल्यावरून परीक्षण

विद्युल्लताबाईंनी उभी हयात शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर त्या हाणामारीच्या सिनेमांकडे वळल्या. भिवंडीत टेमघरला आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्या राहतात, मी त्यांच्या समोरच्या दारात. दुपारी त्यांच्याकडे पहिला बॉम्ब फुटला की आमच्याकडे चहाचं आधण चढतं, इतकी आता सवय झाली आहे.

सुरुवात केली त्यांच्या यजमानांनी. श्रीनाथराव कोर्टात कारकून होते. जवळच्याच पूर्णा गावातल्या एका गोदामाने परत आलेला माल विकायला काढला तेव्हा ते मिक्सर बघायला गेले, आणि सिनेमांच्या डिस्कची खोकी रिक्षात घालून आले.

"अहो, हल्ली हे सगळं फोनवर दिसतं," बाई म्हणाल्या.

"दिसतं गं. हातात येतं का?"

बाई रुसल्या. पण त्याच संध्याकाळी पडद्यावर एका माणसाने धावत्या ट्रकवरून दुसऱ्या ट्रकवर उडी मारली आणि बाई हातातला घास हातात ठेवून बघत राहिल्या. मिक्सर आजतागायत आलेला नाही.

मग दोघं मिळून डिस्कची परीक्षणं करू लागले आणि त्यांचे व्हिडिओ फोनवर टाकू लागले. श्रीनाथराव डिस्कचं बोलतात: चित्र कितपत स्वच्छ, आवाज नीट फिरतो का, खालच्या अक्षरांत चुका किती. बाई सिनेमाचं बोलतात. वाळवंटातला हिरो "पूर्वेला चला" म्हणून मावळत्या सूर्याकडे घोडा फेकतो, तिथे त्या वर्गात कापायच्या तसे गुण कापतात. शेवटी असतं 'करून पाहू'. खांद्याच्या एका धक्क्यात दार मोडतं का, हे बाईंनी स्वतःच्या बाथरूमवर करून पाहिलं होतं. दाराला काही झालं नाही. खांदा बरेच दिवस शेकावा लागला.

यंदाच्या हिवाळ्यात एक सिनेमा आला, त्यात हिरो राजवाड्याचे पडदे एकमेकांना बांधून खाली उतरतो.

"असं उतरता येईल?" बाईंनी विचारलं.

"मुळीच नाही," श्रीनाथराव म्हणाले, आणि तिथेच चुकले.

शेजारच्या लूमच्या कारखान्याचा मालक कुमार हा बाईंचा विद्यार्थी. बाईंनी त्याच्याकडे कोरं कापड मागितलं.

"गादीला का, बाई?"

"नाही रे. उतरायला."

पुढे काही विचारायची त्याची छाती झाली नाही. त्याने अख्खा ताका फाडून लांबच लांब पट्टे दिले.

रविवारी सकाळी बाई पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून गॅलरीत आल्या. कापडाचं टोक खांबाला बांधलेलं, गाठी मी स्वतः ओढून बघितलेल्या. श्रीनाथराव खाली फोन धरून उभे. बाईंनी कठडा ओलांडला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर त्या झकास उतरत होत्या, गाठीवर पाय, गाठीवर हात.

आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी कापड संपलं. मोजताना बाईंनी पट्टे मोजले होते. गाठींनी किती कापड खाल्लं ते मोजायचं राहिलं. शेवटच्या गाठीवर उभ्या राहून त्या झोके घेऊ लागल्या. वर जाता येईना, खाली उतरता येईना, आणि खिडकीला लोखंडी जाळी.

जाळीच्या आत रंगूबाई भाकऱ्या भाजत होत्या.

"आगो बाय! मास्तरीणबाई, तुमी हितं कशा?"

"परीक्षण चाललंय, रंगूबाई."

"बरां. च्या घेता का? गरम हाय."

"अर्धा कप."

रंगूबाईंनी जाळीतून बशी धरली आणि बाईंनी लटकल्या लटकल्या चहा घेतला. मी वर कठड्याला धरून हसत होते आणि रडतही होते.

तेवढ्यात कारखान्याची शिफ्ट सुटली. "अरे, चाची लटक रही हैं!" असा ओरडा झाला आणि कामगार धावले. कोणीतरी आतून कापडाची घडी आणली, ती चौपदरी पसरली आणि चारी बाजूंनी माणसं घट्ट धरून उभी राहिली.

"चाची, हाथ छोड़ दो! हम हैं ना!"

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "अहो, फोन चालू आहे ना?"

"आहे गं! तू उतर आधी!"

"प्रेक्षकहो, कापड टिकतं. गाठीही टिकतात. पण गाठीत कापड किती जातं, हे हा सिनेमा सांगत नाही. एक गुण वजा."

आणि त्यांनी हात सोडले.

त्या कापडावर आदळल्या, चेंडूसारख्या वर उडाल्या, पुन्हा आदळल्या. चष्मा एका कामगाराने हवेतच झेलला. बाई त्या झोळीत आडव्या पडून इतक्या हसत होत्या की त्यांना उठता येईना. "परत एकदा करू?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं.

संध्याकाळी चित्रीकरण लावलं तर उडी नव्हतीच. बाईंनी हात सोडले त्या क्षणी फोन जमिनीवर पडला होता आणि पुढे नुसतं आभाळ दिसत होतं. कारण एरवी गुडघ्यांमुळे जिना सावकाश चढणारे श्रीनाथराव धावत जाऊन कापडाचा कोपरा धरून उभे होते. बाईंनी तो आभाळाचा तुकडा तीनदा लावून बघितला. मग म्हणाल्या, "एवढं कापायचं नाही हं."

तेच लोकांना आवडलं. आभाळ, त्यात "छोड़ दो", मग धप्प, मग हसणं. हा हा म्हणता भिवंडीभर फिरलं. पुण्याहून लेकीचा, ओवीचा, फोन आला.

"आई, तुझं वय काय?"

"त्या हिरोपेक्षा चार वर्षं कमी आहे," बाई म्हणाल्या आणि फोन यजमानांकडे दिला.

पुढच्या रविवारी बाईंनी सगळ्या कामगारांना तो सिनेमा बघायला बोलावलं. हॉल भरला, दारात चपलांचा ढीग झाला, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. हिरो पडद्यांवरून सरसर खाली आला आणि ऐटीत चालू लागला.

"इसके नीचे कपड़ा किसने पकड़ा था?" एकाने विचारलं.

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या.

"फिर तो झूठा है!"

शिट्ट्या, हशा, आरडाओरडा. रंगूबाई पोह्यांचं पातेलं घेऊन वर आल्या. त्या गोंधळात श्रीनाथराव डिस्कची डबी उंच धरून छपाई किती सुबक आहे ते सांगत होते, आणि कोणी ऐकत नव्हतं तरी फार खुशीत होते.