कोमट पाण्याचे चार थेंब

पनवेलला मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते, त्यांची मुलगी कॉलेजात शिकते. कवचाबाहेर पिल्लू कसं वाढतं, ते तिला बघायचं होतं. तिने माझ्याकडे गावठी अंडी मागितली, तीही कोंबडीखाली तीन दिवस उबवलेली. मी रुमालात गुंडाळून, पोटाशी धरून आणली. रिक्षा खड्ड्यात गेली की माझाच जीव वरखाली व्हायचा.

तिने प्लास्टिकच्या पेल्यात पातळ पारदर्शक कागद झोळीसारखा बसवला आणि त्यातलं एक अंडं फोडून झोळीत सोडलं. वर तसाच कागद लावून पेला थर्माकोलच्या खोक्यात ठेवला. उबेसाठी आत बल्ब.

तिची आजी म्हणाली, "गर्भारणीच्या पोटाला खिडकी पाडलीस की गं."

"चष्मा लाव आणि ये तू. मावशी, तुम्हीपण या."

पिवळ्या बलकावर केसासारख्या तांबड्या शिरा होत्या आणि मधे मोहरीएवढा ठिपका उडत होता. ते काळीज, ती म्हणाली. इतक्या कोंबड्या मी अंड्यांवर बसवल्या, पण हे कधी बघितलं नव्हतं. भांडी आवरली की मी रोज बघायची. पुढे काळे डोळेही दिसायला लागले.

मग ती दोन दिवस परगावी गेली. "मावशी, फक्त थर्मामीटर बघून वहीत लिहा. कागद उघडू नका." वहीची पानं तिने माझ्यासाठी मराठीत आखली होती. चौथीनंतर मला लिहायला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दुपारी पिल्लू वरून सुकल्यासारखं वाटलं. आमच्याकडे पिल्लं निघायची वेळ आली की आई अंड्यांवर कोमट पाणी शिंपडायची, कवच मऊ पडावं म्हणून. इथे कवचच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी कागद उचलला आणि बोटं बुडवून चार थेंब टाकले. मायेनंच टाकले.

दुसऱ्या दिवशी सगळं गढूळ झालं होतं. ठिपका हलत नव्हता. मी वहीत लिहिलं, 'लाइट गेली होती.'

ती परत आली, वही वाचली. संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि ती फोनवर कॉलेजच्या सरांना सांगत होती, "माझीच चूक, सर. मी बॅटरीची सोय करायला हवी होती." तिकडून ते रागावत असावेत. ती नुसती "हो सर, हो सर" करत होती. मी पोळ्या संपवल्या, चपला घातल्या, जिना उतरून फाटकापर्यंत गेले. तिथून माघारी आले.

"लाइट नाय गेलती," मी दारातच म्हटलं. "पानी शिंपडलं मी."

"कागद उघडून?"

"हा."

ती आतून वही घेऊन आली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने माझी ओळ खोडली आणि पेन माझ्या हातात दिलं. "काय केलंत ते लिहा. पाणी कुठलं, किती, कधी. आणि मावशी, मी सरांना खोटं सांगितलं ना आता."

मी लिहिलं. तिने माझ्यासमोरच सरांना परत फोन लावला.

दुसरी अंडीही मीच आणून दिली. त्यांचं सगळं आता तीच बघते. बघायला मला हाक मारते, तेव्हा मी जाते. हात पाठीमागे धरून लांबूनच बघते.