चौतीस अंशांची बढाई

सरलाबाईंना जावेचा हेवा वाटतो हे मी सत्तावीस वर्षं बघते आहे. दागिन्यांचा असता तर मी समजून घेतलं असतं. पण हा हेवा उन्हाचा.

सुरतेत डिंडोलीच्या आमच्या सोसायटीत त्यांची आणि माझी भिंत एकच. त्यांचे यजमान सुकदेवभाऊ डाईंग मिलमधून रिटायर झाले, मी मराठी शाळेत विज्ञान शिकवून. थोरली जाऊ प्रमिलाबाई गावी, खानदेशात पारोळ्याजवळ. एप्रिल लागला की सकाळी त्यांचा फोन यायचा, आणि तो स्पीकरवर असायचा, कारण सरलाबाईंचे हात कायम पिठात. दोघींच्या अहिराणीत 'आठे' म्हणजे इथे आणि 'शे' म्हणजे आहे.

"सरला, आठे आज चव्वेचाळीस शे. तुमले काय, समुद्र जवळ शे."

"चव्वेचाळीस शे ते काय व्हयनं? तुमना घाम वाळस ना, बाई. आमना आंगवरच राहस."

एवढं झालं की फोन ठेवून सरलाबाई माझ्याकडे यायच्या. "टीचर, तुम्हीच सांगा. इथलं चौतीस जास्त की तिथलं चव्वेचाळीस?" मी दर वर्षी तेच सांगायची. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तिकडची हवा कोरडी, ती घाम पिऊन टाकते. सुरतेची हवा आधीच पोटभर प्यायलेली, ती तुमचा घाम कुठे घेणार? इथे ज्याला बफारा म्हणतात तो हाच. म्हणजे तुमचं चौतीस तिकडच्या चव्वेचाळीसला भारी. हे ऐकून त्यांना दोन मिनिटं बरं वाटायचं. मग आठवायचं की प्रमिलाबाईंच्या कुरडया एका दिवसात खडखडीत वाळतात आणि आपल्या तिसऱ्या दिवशीही चामड्यासारख्या वाकतात. चेहरा पुन्हा आंबट.

थंडीतही तेच. तिकडे आठ अंश, कोरडी थंडी, गोधडीत शिरलं की मिटलं. इथे पंधरा झाले तरी सोसायटी कानटोप्या घालून हिंडते. प्रमिलाबाई त्यावर हसायच्या. म्हणजे उन्हाळ्यात सरलाबाईंचा त्रास कमी ठरायचा आणि हिवाळ्यात त्यांची थंडी खोटी ठरायची.

या सगळ्याच्या मुळाशी ऊन नव्हतं, ते मला ठाऊक होतं. मिल दोन वर्षं बंद होती तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी, उज्ज्वला, पाचवी-सहावीला काकूकडे राहिली होती. परत आली ती आईला 'मम्मी' म्हणत आणि काकूला 'मोठमाय'. प्रमिलाबाईंना मुलगी नाही. उज्ज्वला आजही काही झालं की आधी फोन कुणाला करते, हे मी सांगायला नको.

यंदा उज्ज्वलाचं पहिलं बाळंतपण होतं. सासर नाशिकचं, जूनची पहिली तारीख दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण मार्चमध्येच प्रमिलाबाई फोनवर म्हणाल्या, "पोरले आठेच धाड. धाबानं घर शे, वर मातीनं छत, गार राहस. बाळना कपडा पंधरा मिनिटमा वाळस."

सरलाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "टीचर, मी घर असं गार करते की तिची मोठमाय बघत राहील."

"एसी बसवा," मी म्हटलं.

"बाळंतिणीला एसीची हवा बाधते."

"कोण म्हणतं? डॉक्टरला विचारा."

विचारायचं नव्हतंच. डोक्यात कूलर होता. जावेच्या घरी आहे तसाच, गवताच्या पडद्यांचा, टाकीत पाणी भरायचा. सुकदेवभाऊंनी तो धुळ्याहून ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून आणला. मी दारातच सांगितलं, हा ओल्या हवेत उपयोगाचा नाही, उलट हवा आणखी ओली करेल. "तुम्ही अकोल्याच्या ना? मग तुमच्याकडे पण कूलरच असेल," सरलाबाई म्हणाल्या. होता. म्हणूनच सांगत होते. इथे आले त्या वर्षी मीही हेच केलं होतं. पण खानदेशातून, विदर्भातून सुरतेत आलेला माणूस ही चूक एकदा स्वतः केल्याशिवाय राहत नाही.

खिडक्या बंद करून चार दिवस कूलर चालला. भिंतींना घाम फुटला, काडेपेटी सादळली, उशांना कुबट वास आला. एप्रिलच्या शेवटी उज्ज्वला आली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर घामोळ्या उठल्या. कूलर गच्चीवर गेला. पोरीने तक्रार केली नाही. ओला नॅपकिन गळ्याभोवती घेऊन पंख्याखाली बसून राहायची. फक्त रोज काकूशी बोलताना विचारायची, "मोठमाय, तुझ्याकडे रात्री झोप लागते गं?"

हे एकदा सरलाबाईंनी ऐकलं. फोन तिच्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही चार दिन आठे या. मंग बोला."

प्रमिलाबाई खरंच आल्या. चव्वेचाळीसमध्ये शेतात जाणारी काटक बाई, डोक्यावरचा पदर जागचा न हलू देणारी. सोबत ज्वारीच्या बिबड्यांचा, तिकडच्या पापडांचा, डबा. संध्याकाळी साडेसहाला त्यांना सोफ्यावर बसवलं. दहा मिनिटांत पोलकं भिजलं. वीस मिनिटांत त्या वर बघू लागल्या.

"हाऊ पंखा चालू शे का?"

"पाचवर शे, बाई."

"मंग वारा कोठे जास?"

सरलाबाई इतक्या प्रेमाने पाणी घेऊन गेल्या की मला हसू दाबावं लागलं. दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाईंनी तीनदा अंघोळ केली आणि तिन्ही वेळा अंग पुसता पुसता पुन्हा भिजल्या. दुपारी चक्कर येऊन ओट्याला धरून बसल्या. आम्ही त्यांना आडवं केलं, लिंबू-मीठ पाजलं. सरलाबाई उशाशी बसून वारा घालत होत्या आणि बोलत होत्या. सत्तावीस वर्षांचं साठलेलं सगळं.

"चौतीसच आहे, बाई. पेपरमध्ये बघा. तुम्ही म्हणायच्या ना, समुद्र आहे, मजा आहे. हे बघा आमची मजा. मी यात तीस वर्षं चुलीपुढे उभी राहिले. तुमचं चव्वेचाळीस इथे एक दिवस टिकलं नाही. धडधाकट माणूस आडवं होतं या हवेत."

प्रमिलाबाई डोळे मिटून म्हणाल्या, "खरं शे, सरला. मी हारनू."

सरलाबाईंचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. उज्ज्वला दारात उभी होती, दोन्ही हात कमरेला. ती म्हणाली, "मम्मी, धडधाकट माणूस आडवं होतं, तर मग मी इथे कशाला राहायचं?"

सरलाबाईंचा हात थांबला.

"आपण एसी बसवू," सुकदेवभाऊ घाईने म्हणाले.

"बसवा, बसवा," सरलाबाईही म्हणाल्या. एसीचं बाधणं एका क्षणात मिटलं.

"एका खोलीत बसवाल, पप्पा. बाकी घराचं काय? मी सव्वा महिना दार लावून बसू? बाळाची दुपटी कुठे वाळवू? डॉक्टर म्हणाल्या, जायचं तर याच आठवड्यात जा."

ऊन इथलंच वाईट, हे सरलाबाईंनीच सिद्ध केलं होतं, साक्षीदारासकट. आणि पुरावा मी पुरवला होता, दर वर्षी.

त्यांनी भांडण केलं नाही. आत गेल्या आणि बॅग भरली. मग दुसरी भरली. "मीसुद्धा जाते," म्हणाल्या. "बाळंतपण माहेरचं असतं. मी असेन तिथे तिचं माहेर." मला ते पटलं. मी बोलून मात्र दाखवलं नाही, कारण लगेच म्हणाल्या, "नाहीतर त्या बाईला पहिली अंघोळ घालायला मिळेल."

तिघी भुसावळच्या गाडीने अमळनेरला उतरून गावी पोहोचल्या. मुलगी झाली, ठरल्या तारखेच्या चार दिवस आधी. सरलाबाईंचा फोन आला तो घोगऱ्या, दबक्या आवाजात.

"नर्सने आणली तेव्हा मीच दारापाशी उभी होते. बाईंना पुढे येऊच दिलं नाही."

"तब्येत कशी आहे?"

"उजूची चांगली आहे. झोपते छान."

"तुमची विचारते आहे."

"ओठ फाटलेत. काल नाकाचा घोळणा फुटला, टीचर. पदर भरला रक्ताने. तीस वर्षांत सवय गेली या उन्हाची."

"मग प्रमिलाबाईंना सांगा. कांदा देतील हुंगायला, खोली ओली करतील."

"त्यांना? त्यांना मी सांगितलं, नाकाला दाराची कडी लागली." मागून कुणीतरी हाक मारली. सरलाबाईंनी आवाज चढवला, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. "नाही हो टीचर, इथे काही विशेष ऊन नाही. सव्वा महिना मी आरामात राहीन."