काळ्या पानाची अकोल्याची वारी

अमरावती ते अकोला हा काही लांबचा प्रवास नव्हे. पण काळ्या पानांच्या बेगोनियाची कुंडी मांडीवर घेऊन निघालो, तेव्हा मला तो माझ्या गावाहून, वेंगुर्ल्याहून, इथे अमरावतीला येण्यापेक्षाही लांब वाटला.

हे झाड मलायाच्या जंगलातलं. आमच्या वकीलसाहेबांना एका मित्राने त्याचं एकच पान ओल्या शेवाळात गुंडाळून बोटीने आणून दिलं होतं. चौथीतच शाळा सोडलेल्या माझ्यासारख्या माळ्याच्या हातात साहेबांनी ते बिनघोर ठेवलं. त्या पानाची मी दोन वर्षांत भरगच्च कुंडी केली. पानं वरून काळीभोर, मखमलीसारखी. खालून मात्र कोकमासारखी लाल. आमच्या वेंगुर्ल्याकडे विहिरीच्या आतल्या भिंतीवर असली झाडं कुणी न विचारता वाढतात. इथे ओलं धोतर दांडीवर टाकून वळावं तर वाळलेलं! म्हणून ते न्हाणीघराच्या खिडकीशी, काचेच्या बरणीखाली वाढवलेलं. अकोल्याला झाडांचं प्रदर्शन होतं. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. "तू पुढे ने," एवढंच ते म्हणाले. झाड दगावलं तर त्यांना तोंड कसं दाखवायचं, हा विचार मी अमरावतीपासूनच चघळत होतो.

बडनेऱ्याला गाडी बदलताना कुणाच्या तरी ट्रंकेचा धक्का लागला आणि कुंडीवरची बरणी फलाटावर फुटली. कुंडी वाचली, पण फाल्गुनाची गरम हवा डब्यात घुसत होती. मूर्तिजापूर यायच्या आतच पानांच्या कडा खाली वळल्या. मी घाबरून तांब्यातलं पाणी पानांवर शिंपडत सुटलो.

समोर विड्याच्या पानांची करंडी घेऊन एक बाई बसल्या होत्या. अंजनगावकडच्या पानमळेवाल्या, नाव राधाबाई.

"काहून रे भाऊ, त्याले आंघोळ घालून राहिला?"

"मरतंय हो झाड, मावशी!"

"मरून नाही राहिलं, तू मारून राहिला. मुळाशी चिखल केला. अरे, ओल हवेत पाहिजे. आमचा पानमळा पाह्य एकडाव (एकदा). आण इकडे थे."

मी कुंडी पुढे केली, तर त्या ओरडल्या, "थांब! वहाणा काढ आंधी (आधी). पानाले वहाणा घालून शिवत नाहीत."

"काढ बापा," कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, "नाही त मावशी तुलेच खाली उतरवून देईन!" सगळा डबा हसला.

मी वहाणा बाकाखाली सारल्या. राधाबाईंनी करंडीतली निम्मी पानं काढून पदरात घेतली, मध्ये कुंडी बसवली, वर ओलं गोणपाट अंथरलं. "आता अकोल्यालोग (अकोल्यापर्यंत) उघडून पाहू नोको." मी तीनदा हात घातला. तिन्हीदा त्यांनी मनगटावर चापट मारली.

अकोल्याला उतरताना करंडी सांभाळण्याच्या नादात वहाणा गाडीतच राहिल्या. तापलेल्या फुफाट्यातून अनवाणीच राधाबाईंबरोबर प्रदर्शनाच्या मांडवात पोचलो. राधाबाईंनी गोणपाट उचललं. पानं ताठ! काठाकाठावर दवासारखे थेंब.

"पाह्य," त्या म्हणाल्या आणि गोणपाट मला देऊन, करंडी डोक्यावर घेऊन बाजाराकडे गेल्या.

शेजारी गुलाब मांडणारा म्हणाला, "हे काय चुलीतून काढून आणलं का बे?" रात्रभर कुंडीवर ओलं गोणपाट ठेवलं, पाणी मात्र घातलं नाही.

सकाळी परीक्षक आले आणि पुढेही गेले. मग ते मागे वळले, एका बोटाने पान उचललं. खालचा लाल रंग दिसताच त्यांनी दुसऱ्या परीक्षकांना हाक मारली. पहिला नंबर! गुलाबवाला सगळ्यांत आधी बघायला आला.

साहेबांनी पदक घेतलं आणि माझ्या पायांकडे पाहिलं. "वहाणा कुठायत?" मी सगळं सांगितलं. ते पोट धरधरून हसले. मग खिशातला चाकू काढून माझ्या हातात दिला. "एक पान काप. त्या बाईंना देऊन ये."

राधाबाई अजून बाजारातच पानं विकत होत्या. त्यांनी पान उलटंपालटं करून पाहिलं. "याले चुना लावता येते काय?" असं विचारलं, आणि हसत हसत ते ओल्या फडक्यात गुंडाळून घेतलं.

आता पदक साहेबांच्या दिवाणखान्यात आहे. मला त्यांनी नव्या कोऱ्या वहाणा घेऊन दिल्या. त्या मी रोज न्हाणीघराच्या दाराबाहेर काढतो आणि मगच झाडापाशी जातो.