बिनव्याजी घर

लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून असलेले आमचे दिगंबरकाका प्रत्येक कागद दोनदा वाचायचे आणि तिसऱ्यांदा उजेडाकडे धरून बघायचे. अशा माणसानं १९२७ साली गावठाणात घर घेतलं, तेव्हा कागदात काही राहून गेलं असेल असं कुणाला वाटणार? राहिलं काहीच नव्हतं. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं, हीच तर अडचण.

घराची किंमत नऊशे, काकांपाशी तीनशे. उरलेले सहाशे दिले अंबूबाईंनी. या बाई मावळातल्याच. शेत आणि घर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, हाती भरपाईचे पैसे, मागे कुणी नाही. त्यांच्याकडे पैसा होता, छप्पर नव्हतं. वकिलानं कबजेगहाण लिहून दिलं. पैसे फिटेपर्यंत बाईंनी घरात राहायचं आणि त्या राहण्याच्या बदल्यात व्याज घ्यायचं नाही. काकांना नोकरीची पाच वर्षं उरली होती, तोवर रेल्वेची खोली होतीच. निवृत्तीला फंडाचे सातशे येतील, त्यातले सहाशे टाकायचे नि आपल्या घरात जायचं. बिनव्याजी कर्ज मिळवल्याच्या तोऱ्यात काका महिनाभर धक्क्यावर असे चालत होते, की स्टेशनमास्तरानं बाजूला व्हावं.

कागदात आणखी एक ओळ होती. घर राखण्यासाठी बाई जो खर्च करतील, तो कर्जात मिळवावा. काकांनी तीही तीनदा वाचली. वाजवीच होती.

पहिल्या पावसाळ्यानंतर काका-काकूंबरोबर मी घर बघायला गेलो. त्यांचंच घर, पण पाट आणि गूळपाणी अंबूबाईंनी दिलं. कौलं सगळी नवी, मंगळुरी. चंद्रिकाकाकू हरखल्या. सात स्टेशनांवर त्यांनी बिऱ्हाड मांडलं नि मोडलं होतं. आता हलायचं नाही असं एक घर त्यांना हवं होतं. काकाही हरखले होते, पावती बघेपर्यंत.

पुढल्या वर्षी मागची भिंत पावसानं फुगली, ती बाईंनी दगडात बांधून घेतली. मग वाशांना वाळवी लागली. बाई उधळ्या नव्हत्या. गवंड्याशी त्या आण्या-आण्यासाठी भांडत. तरी एकदा धीर करून काकांनी सुचवलं, की इतकं मजबूत कशाला?

"मास्तर, माजं एक घर पान्यात गेलंय," अंबूबाई म्हणाल्या. रेल्वेतला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच. "ह्ये मी पडू द्यायची न्हाई."

काका वकिलाकडे गेले. तो म्हणाला, बाईंनी घर पडू दिलं असतं तर दावा लावता आला असता, नीट ठेवल्याबद्दल लावता येत नाही. एवढं सांगण्याची त्यानं फी घेतली.

१९३२ साली काका निवृत्त झाले. फंड आला सातशे बारा. कर्ज झालं होतं नऊशे चाळीस. रेल्वेची खोली महिनाअखेर सोडायची होती, आणि निवृत्त कारकुनाला वरचे पैसे द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. आम्ही तिघं पुन्हा पाटांवर जाऊन बसलो. काकांनी मुदत मागितली. बाई म्हणाल्या, घ्या की हवी तेवढी. मग काकांनी घसा साफ केला नि म्हणाले, सातशे आज घ्या, आम्हाला राहायला येऊ द्या, बाकीचं हळूहळू देतो.

"आन् मी कुटं जाऊ?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "समदे एकदम द्या, दुसरं घर बगते. तुकड्या-तुकड्यानं मला कोन घर दील?"

काका कौलांकडे बघत राहिले. बाईच म्हणाल्या, "मागली खोली रिकामीच हाय. ऱ्हावा तितं. भाडं लय न्हाई घ्यायची मी."

काकूंनी पदर सावरला.

"भाडं पहिल्या तारखेपासून धरायचं, की आम्ही येऊ त्या दिवसापासून?"

"याल त्या दिसापास्नं."

काकू उठल्या आणि त्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघायला गेल्या. काका पाटावर बसूनच राहिले.