रांगेने येतोय

आमचे थोरले काका पलटणीत जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे. डॉक्टर नव्हेत, पण जवान त्यांना ‘अर्धे डॉक्टर’ म्हणत. माझे वडील त्यांचे धाकटे भाऊ, त्याच पलटणीत शिपाई. पलटण वेढ्यात सापडली आणि दोघे एकाच दिवशी शत्रूचे कैदी झाले.

चौथ्या महिन्यात छावणीच्या मैदानात एक टेबल मांडलं गेलं. शत्रूचा अधिकारी म्हणाला, “तुमच्या सरकारने तुम्हाला वाऱ्यावर सोडलंय. आमच्याकडून लढायला तयार असाल तर सही करा.” सही करणाऱ्याला पोटभर जेवण आणि नवे बूट मिळणार होते. वडील मला सांगायचे, “भूक होती हे खरं, पण त्याहून जास्त राग होता. आमचे साहेब आम्हाला न सांगता माघारी गेले होते.”

ते टेबलाकडे निघाले तेव्हा काकांनी त्यांचा दंड धरला. “खाल्ल्या मिठाला जागायचं असतं.”

“दादा, आपल्याला टाकून पळाले त्यांच्या मिठाला?”

“ते पळाले म्हणून मीही पळू?”

वडिलांनी हात सोडवून घेतला आणि सही केली. काकांनी केली नाही.

छावणीच्या मधोमध काटेरी तार आली. पलीकडे सही करणारे एकेचाळीस, अलीकडे बाकीचे सगळे. पलीकडच्यांचं नाव निघालं की अलीकडचे थुंकायचे. भावाभावांचं बोलणंही बंद झालं.

मग पलीकडच्या बराकीत हगवण शिरली. साथीच्या भीतीने पहारेकऱ्यांनी दाराला बाहेरून कडी घातली. दोन माणसं गेली. काकांनी पाण्याची बादली उचलली तशी त्यांच्या बराकीतला हवालदार आडवा आला.

“त्या विकाऊ लोकांकडे गेलास तर इथे परत पाय ठेवायचा नाही.”

“बरं,” काका म्हणाले, “पण मीठ आहे का कुणाकडे थोडं?”

कुणीच दिलं नाही. काकांनी पहारेकऱ्याकडून मागून घेतलं आणि त्यालाच कडी काढायला लावली.

बराकीत शिरताच वडिलांनी कोपऱ्यातून हाक मारली, “दादा!”

“येतोय. रांगेने येतोय.”

वडिलांची खाट अकरावी होती. आधीच्या दहा जणांची घाण काढून, अंग पुसून, घोटघोट मीठपाणी पाजूनच काका त्यांच्यापाशी पोचले. वडील दर वेळी सांगायचे, “मेलो असतो मी तोवर. पण त्यांनी एकालाही ओलांडलं नाही.”

तेवीस दिवस काका तिथेच राहिले. आणखी दोघे गेले, सदतीस वाचले. शत्रूचा अधिकारी खूश होऊन कागद घेऊन आला. “आता तरी सही कर.”

“नाही जमायचं, साहेब.”

अलीकडच्या बराकीने त्यांना आत घेतलंच नाही. युद्ध संपेपर्यंत अर्धे डॉक्टर कपडे धुण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपले.

मायदेशी आल्यावर चौकशी बसली. छावणीतली कागदपत्रं जळून गेली होती. सह्या कुणी केल्या ते साक्षीदारांकडूनच कळणार होतं. हवालदाराला मोजकीच नावं आठवत होती. काकांना सगळी ठाऊक होती.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले, “पण सांगणार नाही.”

“म्हणजे तुमची निष्ठाही तिकडेच?”

“सही मी केली नाही, साहेब. पण मी या माणसांची ढुंगणं धुतली आहेत. आता त्यांना फासावर चढवायला माझी जीभ वळायची नाही.”

काकांना एक वर्षाची कैद झाली, नोकरीही गेली. ते ऐकून मागच्या बाकावर बसलेले माझे वडील उठले. त्यांचं नाव कुणीही घेतलं नव्हतं. “मी केली होती सही,” ते म्हणाले. त्यांना तीन वर्षांची कैद झाली.

सुटल्यावर काकांनी गावातल्या दवाखान्यात पुन्हा पट्ट्या बांधायला सुरुवात केली. ते कधी आमच्या घरी आले की वडील खुर्चीतून उठायचे आणि ते जाईपर्यंत उभेच राहायचे, अगदी सत्तरी उलटल्यावरसुद्धा. काका वैतागायचे, “अरे बस की, गुडघे दुखतील.”

वडील काही बसायचे नाहीत.