लोखंड बाहेर आणा

हिराबाई गेल्याची बातमी तिच्या नवऱ्यानेच आणली. सकाळच्या पाळीचा भोंगा नुकताच झाला होता. शंकरमामा कारखान्याच्या भांडाराशी, माझ्या खिडकीपुढे येऊन उभे राहिले. अंगात कामाचे कपडे नव्हते. "भाऊसाहेब, हिरा गेली. ताप डोक्यात गेला... आज लोहारखात्यात येत न्हाई, तेवढं साहेबास्नी सांगा." इतके बोलून ते वळले. त्याला महिना उलटला.

हे दोघे घिसाडी, म्हणजे फिरते लोहार. वर्षातला बराच काळ गावोगाव जायचे, पिंपरीत आले की पवनेच्या काठी पाल टाकायचे. त्यांच्यात रीत अशी, की नवरा बसून तापलेले लोखंड सांडशीने ऐरणीवर धरतो, हातातल्या लहान हातोडीने जागा दाखवतो, आणि बायको उभी राहून तिथे घण घालते. मी विळा करून घ्यायला पहिल्यांदा गेलो, तेव्हा घणापेक्षा त्यांच्या भांडणाचाच आवाज मोठा होता. "आवं, वाकडं धरलंय तुमी! माझ्या घणाला डोळं हायत, तुमच्या सांडशीला न्हाईत!" ती ओरडत होती. "तोंड चालवू नगं, घण चालव!" मामा खालून गरजले. "मला दोन्ही चालवता येतंय!" मी घाबरून म्हणालो, मग येतो. पण एवढ्या कल्लोळात घाव एकही हुकला नव्हता, हे माझ्या हिशेबी नजरेने टिपले.

आमच्या कारखान्यात एक इंग्रज इंजिनियर होते, लोहारखाते त्यांच्याच हाताखाली, आम्ही त्यांना नुसते साहेब म्हणायचो. दोन खातेप्रमुख हमरीतुमरीवर आले की ते म्हणत, यांचे 'हॅमर अँड टाँग्ज' चालले आहे. मी कोश काढून पाहिला. अर्थ, सगळ्या ताकदीनिशी तुटून पडणे. मूळ लोहाराच्या भट्टीत. लोखंड निवायच्या आत सांडशीने घट्ट धरायचे आणि हातोड्याने दणादण घाव घालायचे, त्यावरून. मला ते तंतोतंत पटले, भांडणारे जोडपे मी पाहिलेलेच होते. पुढच्या खेपेला हिराबाईला हे सांगितले, तर ती पदराने घाम पुसत हसली. "भांडतो ते खरंच हाय. पर मार कुणाला बसतोय? लोखंडाला. आमी दोघं एकाच बाजूला हाय, भाऊसाहेब."

पुढे बाजारात तयार खुरपी, तयार कुऱ्हाडी आल्या आणि पालावरचे गिऱ्हाईक आटले. मुलगी शाळेच्या वयाची झाली होती. दर महिन्याला गाव बदलले तर ती कोणत्या शाळेत बसणार? हिराबाईने ठरवून टाकले, आता पाल उठवायचे नाही, मामांनी कारखान्यात लागायचे. चाचणीला साखळीचा आकडा घडवायला दिला. काम मामांच्या हातचे होते, पण घणावर कंपनीचा महादू होता. साताऱ्याकडचा, धिप्पाड आणि अबोल. मामांची हातोडी कुठे पडते ते न पाहता तो आपल्याच लयीत मारत गेला. आकडा चेपला. मामा नापास.

दुसऱ्या दिवशी हिराबाई फाटकावर हजर. खांद्यावर घण, मागे गाढवावर भाता आणि ऐरण, त्यामागे मान खाली घातलेले मामा. पहारेकरी म्हणाला, "बाई, बायकांना आत सोडायचा हुकूम नाही."

"मग लोखंड भाईर आणा," ती म्हणाली.

तो हसला. ती हसली नाही. फाटकासमोरच्या लिंबाखाली तिने ऐरण उतरवली, भाता लावला, आणि पदर खोचून उभी राहिली. पाळी सुटली, माणसे जमली, गलका साहेबांच्या कानी गेला. ते बाहेर आले. मी साहेबांची सही घेऊन भांडारातून गज काढून दिला... आणि मग त्या दोघांनी भर रस्त्यात, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, त्या गजाचा आकडा केला. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला, मापाला लावला, आणि माझ्याकडे बघून तेच शब्द म्हणाले, 'हॅमर अँड टाँग्ज'. या वेळी ते हसत होते.

मामांना नोकरी मिळाली. तिला नाही, लोहारखात्यात बाई घेण्याचा नियमच नव्हता. मी विचारून पाहिले होते. हिराबाईने ते ऐकले, आणि महादूला संध्याकाळी पालावर बोलावू लागली. हातोडी पडेल तिथेच घण, हे तिने त्याला शिकवले. एक गोष्ट मात्र तो शिकेना. "मुक्यानं मारशील तर ताल चुकंल. भांड की त्यांच्याशी!" महादू म्हणे, "मामा मोठे आहेत, मावशी." "मोठं हायत म्हणूनच. ल्हानाशी कोण भांडतंय?" तो नुसता लाजायचा. मुलगी शाळेत जाऊ लागली, पालाच्या जागी पत्र्याची खोली आली. लोहारखात्यातून मात्र नुसते घाव ऐकू यायचे.

हिराबाईचे दिवसकार्य झाल्यावर मामा कामावर आले, ते खांद्यावर तिचा घण घेऊन. पहारेकरी तोच होता. खासगी हत्यार आत न्यायला भांडाराची परवानगी लागते, म्हणून त्याने मला बोलावले. नियम मीही मोडत नाही. घण तोलला, कंपनीच्या घणापेक्षा थोडा हलका भरला. दांडा तिच्या मुठीच्या जागी झिजून बारीक झाला होता. मी परवानगी लिहिली, आणि ज्या फाटकातून ती कधी आत आली नाही, त्यातून तिचा घण आत गेला.

मी मागोमाग लोहारखात्याच्या दारापर्यंत गेलो. मामांनी घण महादूच्या हाती दिला, सांडशीत लाल गज धरला. गज ऐरणीवर तिरपा पडला. महादूने घण उचलला... आणि थांबला.

"मामा," तो एकदम ओरडला, "वाकडं धरलंय तुम्ही! सांडशीला डोळे नाहीत का?"

मामांनी वर पाहिले. मग गज सरळ केला, हातोडीने जागा दाखवली, आणि खालून गरजले,

"तोंड चालवू नगं, घण चालव!"