तुळसाबाईची उकडलेली अंडी

भरवेलीच्या खाण कॉलनीत अंड्याचा रस्सा म्हटलं की तुळसाबाई. माझी मोठी माय, म्हणजे थोरली काकू. तिचा नवरा पुनाराम खाणीतून गेल्या वर्षी रिटायर झाला. ताटात अंडं नसलं की तो ताटाकडे असा बघतो, जणू त्याला नुसतं पाणी प्यायला बोलावलंय.

बालाघाटच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं कोलेस्टेरॉल तपासलं आणि फर्मावलं, अंडं रोज एकच, तेही उकडून. तीन महिन्यांत आकडा उतरला नाही तर अंडी कायमची बंद.

मोठ्या मायने हुकूम पाळला. तीन महिन्यांनी पाहावं तर आकडा जिथल्या तिथे. त्या दिवशी मीही सोबत होते. पुनाराम खुर्चीत आक्रसला, मोठी माय मात्र तडकली.

"मॅडम, मी तं रोज उकडूनच देतो. इचारा याले."

पुनाराम त्याच्या सवयीप्रमाणे आधी खोकला, मग म्हणाला, "हौ."

"उबालने के बाद क्या करती हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मग मोठ्या मायने हवेत झारा फिरवल्यासारखा हात फिरवत सगळं सांगितलं. अंडं सोलायचं, काट्याने टोचायचं, बुडेल एवढ्या तेलात लाल होईस्तोवर तळायचं. वरून फोड आले पाहिजेत. मग त्याच तेलात मसाला, तेलाची लाल तर्री वर येईस्तोवर. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला.

"माताजी, अंडा बेचारा सीधा था. आपने उसको तेल पिला दिया."

म्हणजे उकडण्याचा फायदा कढईतच संपत होता. पुनारामला आणखी तीन महिने मिळाले.

घरी मोठ्या मायने अंड्याला नुसत्या चिरा दिल्या, एक चमचा तेलाच्या रश्शात सोडलं आणि झाकण ठेवून मुरू दिलं. पुनारामने ते चमच्याने उलटंपालटं करून पाहिलं.

"हे तं नागडं दिसून राह्यलं."

"नागडं खा, नाही तं सोड."

त्याने खाल्लं. चौथ्या दिवशी रस्सा परत मागितला, पण चांगला झालाय असं काही म्हणाला नाही.

पुढच्या रिपोर्टात आकडा बराच खाली आला होता. रोजचं एक अंडं चालू ठेवा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुनाराम खोकला. महिन्यातून एखादवेळ तळलेलं चालेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. तो "मॅडम" म्हणेपर्यंत मोठी माय पिशवी उचलून दारात पोचली होती.

"चाला," ती म्हणाली. "त्यायले दुसरे पेशंट आहेत."